एका कानाची तोफ

११ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे न फोडताच कपाटात टाकलं असेल, तर पुढचं तुम्ही वाचतच नाही आहात, आणि मला वाट्टेल ते लिहायची मोकळीक आहे. फोडलं असेल तर आधी बसा. उभ्या उभ्या कागद वाचायची तुमची जुनी खोड आहे.

घाबरू नका, अकरा वर्षांनी वहिनीला अचानक मायेचा उमाळा आलाय असं काही नाही. कामाची एक शंका आहे आणि ती विचारायला मला दुसरं माणूस नाही. मी तोफ ओतते आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. होय, तीच तोफ. टपालानं मागवलेला तो दोन फाकांचा साचा, त्यातली ती वीतभरसुद्धा नसलेली नळी. दर रविवारी तुम्ही दोघं भाऊ माझा ओटा अडवून बसायचात आणि मी कपाळाला हात लावायची, तो उद्योग आता मी करते. शेगडी मागच्या गॅलरीत नेली आहे. लोखंडी पळीत कथील वितळवते, वर साय धरते ती चमच्यानं काढते, साचा शिकंज्यात आवळते आणि ओतते. नळी येते. कान येत नाहीत.

'कान' हे नाव तुमचंच. नळीच्या दोन्ही अंगांना जे खुंट असतात, ज्यांच्यावर ती गाड्यावर टेकते, ते. माझ्या पहिल्या तोफेला एकही कान आला नाही. दुसरीला एक आला. ती गाड्यावर ठेवली की एका बाजूला कलंडते, दुपारच्या जेवणानंतर तुमचे दादा खुर्चीत कलंडतात तशी. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणाल तुम्ही. म्हणा. पण अंगणाचं काय करायचं तेही सांगा.

कथील चांगलं पातळ होतं, त्याबद्दल शंका नाही. साचा थोडा कोमट करून घेते. काजळी धरत नाही. का धरत नाही, ते सोडा.

फळी अजून बैठकीच्या खोलीत आहे. तिच्यावर तुमचे बारा गाडे. फ्रेमांच्या दुकानातल्या उरलेल्या पट्ट्यांचे तुम्ही बाराच्या बारा आधीच करून ठेवलेत, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नऊ गाड्यांवर तोफा आहेत, तीन रिकामे. मी दर शनिवारी धूळ पुसते. रिकाम्या गाड्यांना जास्त वेळ लागतो, कारण त्यांच्या खाचांत धूळ बसते.

दादांना यातलं काही ठाऊक नाही. ते सकाळी घड्याळांच्या दुकानात असतात तेव्हा मी हे करते. आत्ताच कुठून हौस आली, असं विचारू नका. नुसते कान कसे आणायचे तेवढं कळवा. चिठ्ठीवर दोन ओळी पुरेत. पत्ता आत्याबाईंकडून मिळाला. त्यांना रागावू नका, मीच गळ घातली.

वहिनी


३० जानेवारी

भाऊजी,

उत्तर नाही. ठीक आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं, आणि वर चार लोकांना सांगितलं असतं.

तिसरी तोफ ओतली. तिला कान नाहीत आणि तोंडही अर्धंच. चौथी ओतताना पळी जड झाली, निम्मं कथील गॅलरीच्या फरशीवर सांडलं आणि तिथं एक चंदेरी डाग कायमचा चिकटला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी वर येऊन विचारलं, काय जळतंय? म्हटलं, कथील. त्या म्हणाल्या, या वयात? मी म्हटलं, या वयातच सुचतं असलं काही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. ती लिहिल्याशिवाय तुम्ही हलणार नाही असं दिसतं, म्हणून लिहिते. तुमच्या दादांचा दुसरा डोळाही चालला आहे.

उजवा तर तेव्हाच गेला. घड्याळजीचा उजवा डोळा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. मनगटी घड्याळं त्यांनी त्याच वर्षी बंद केली. भिंतीवरची मोठी घड्याळं डाव्या डोळ्यानं करत आले. आता त्या डाव्याला काचबिंदू झाला आहे. डॉक्टर म्हणतात, जे गेलं ते परत येत नाही, जे आहे ते जपायचं. मागच्या खेपेला त्यांनी दादांच्या चष्म्याचा नंबरच तपासला नाही. कंपाउंडरनं विचारलं तर म्हणाले, राहू दे. त्या 'राहू दे'वरून मी काय ते समजले.

अजून उजेड चांगला असला की समोरच्या माणसाचा चेहरा ओळखतात. उन्हाळा संपेपर्यंत ओळखतील का, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

महिन्यापूर्वी एक दिवस फळीसमोर उभे राहिले. बोटानं चाचपून पुढे पुढे गेले आणि दहाव्या गाड्याशी थांबले. म्हणाले, "तीन राहिल्या नाही का गं?" बस, एवढंच. मग दुकानात गेले. तुमचं नाव त्यांनी अकरा वर्षांत घेतलेलं नाही, पण "तीन राहिल्या" म्हणताना त्यांचा आवाज तुमचं नाव घेताना व्हायचा तसा झाला. त्याच दिवशी मी माळ्यावरून साचा काढला.

म्हणून ही हौस. त्यांना दिसतंय तोवर बाराच्या बारा तोफा फळीवर असाव्यात असं मला वाटतं. आणि खरं सांगू? तोफा हे निमित्त आहे. त्यांना दिसतंय तोवर तुम्ही दिसावेत, असं वाटतं.

तुमची खोली तशीच ठेवली आहे, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. तिथं इस्त्रीचं टेबल आहे आणि मोडक्या खुर्च्या. फक्त दाराच्या मागं तुम्ही पेन्सिलीनं मारलेल्या मापाच्या रेघा आहेत, त्या मी रंग देताना वगळायला लावल्या. रंगारी म्हणाला, बाई, हा तुकडा विचित्र दिसेल. दिसतोच. चहा कमी ओतला की तुम्ही कप वाकडा करून म्हणायचात, "वहिनी, यात चहा आहे की चहाची आठवण?" आता घरात दोनच कप लागतात आणि तेही काठोकाठ भरलेले असतात. कुणी तक्रार करत नाही.

तुमची बायको माझी जाऊ, आणि मी तिला पाहिलेलं नाही. तुमची मुलगी सात वर्षांची झाली म्हणतात. मी तिची काकू. रस्त्यात सातेक वर्षांची कुठलीही मुलगी दिसली की मी तिच्या कानांकडे बघते, तुमच्यासारखे बाहेर आलेले आहेत का म्हणून. लोक मला वेडी समजत असतील.

त्या दिवशी घरातून निघताना तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात. मी उत्तर दिलं होतं. तुम्हाला ते आठवत नसेल तर बरंच आहे.

कानांचं काय करू?

वहिनी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पाकीट आलं. आत अर्ध्या वहीचा कागद. मायना नाही, सही नाही, ख्यालीखुशाली नाही. तीन ओळी.

'साचा कोमट नको, बोट टेकवलं तर चटका बसेल इतका तापवा. काजळी दोनदा धरा, तिच्याशिवाय धातू कानांत शिरत नाही. काजळी धरून बंद केलेला साचा पुन्हा उघडू नका.'

आधी मी ओठ चावून हसले, कारण 'काजळी'तला 'ळ' तुम्ही अजून गाठ मारल्यासारखा काढता. मग रडले. मग तिसरी ओळ पुन्हा वाचली.

तुम्ही ती साध्या मनानं लिहिली असेल. नियमच होता तुम्हा दोघांचा. मेणबत्तीच्या ज्योतीवर साचा आतून काळा करायचा, बंद करायचा, आवळायचा, आणि ओतेपर्यंत उघडायचा नाही, कारण उघडझाक केली की काजळी पुसते. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मग वाटलं, कळलं असतं तर तुम्ही तीन ओळीसुद्धा लिहिल्या नसत्या.

तर आता लिहिते. हात थांबायच्या आत लिहून टाकते.

त्या रविवारी तुम्ही जेवणाआधी साचा काजळलात. मी पाहिलं. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या मेणबत्तीवर, गाणं गुणगुणत. दोनदा धरलीत काजळी, साचा तापवलात, बंद केलात आणि शेगडीच्या कडेला ठेवलात, ऊब राहावी म्हणून. मग तुम्ही दोघं जेवायला बसलात आणि दहाव्या तोफेवरून तुमचा वाद सुरू झाला, तिच्या नळीवर कडी किती कोरायची म्हणून. जेवणं लांबली.

मी ओटा आवरत होते. साच्याच्या खालून ओट्यावर काळे डाग पडले होते आणि माझ्या नव्या फडक्याला काजळी लागली. माझं डोकं फिरलं. दर रविवारी हा राडा मीच निस्तरायचा. मी साचा उघडला. आत कोळशासारखा काळा. मला वाटलं, मागच्या आठवड्याची घाण आहे, तशीच ठेवली आळशांनी. भाऊजी, आत काजळी असायलाच हवी, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही मेणबत्तीवर काहीतरी करता एवढं मी बघत आले होते, पण का करता ते कधी विचारलं नव्हतं. मी साचा साबण लावून, काथ्यानं घासून लख्ख केला. पुसला. बंद केला, तुम्ही आवळायचात तसाच आवळला, आणि होता तिथं ठेवला. मला वाटलं, बघतील तेव्हा खूश होतील.

कानांच्या भोकांत पाणी राहिलं होतं. तिथं फडकं पोचत नाही.

नियम होता म्हणून तुम्ही साचा उघडला नाहीत. तुम्ही धरलात आणि दादांनी ओतलं. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. पाण्याची वाफ झाली आणि तोंडातून कथील उसळलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता.

इस्पितळातून आल्यावर ते तुम्हाला म्हणाले, "तापवला होतास की नुसता हात फिरवला होतास?" तुम्ही म्हणालात, "दादा, तापवला होता. काजळीही धरली होती." त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. तुम्ही दुसऱ्यांदा तेच सांगितलंत. ते म्हणाले, "खोटं बोलतोस." मग तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "वहिनी, तुम्ही पाहिलंत ना मला काजळी धरताना?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

चार शब्दही नव्हते पुरते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, खोलीत गेलात आणि बॅग भरलीत. तोवर मला समजलं होतं की काय झालं आणि कुणामुळे. मला वाटलं, आता सांगावं. मग त्यांची पट्टी दिसली. घड्याळजीचा डोळा त्याच्या बायकोनं घालवला, हे वाक्य मला त्या घरात उच्चारता येईना. तुमच्या माथी राहिलं तर तुम्ही दूर जाल, माझ्या माथी आलं तर मला रोज त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल, असा हिशोब मी केला. उभ्या उभ्या केला. मला तो अजून पाठ आहे.

काजळी मी इतके दिवस का धरत नव्हते, ते आता कळलं ना? मेणबत्ती पेटवते आणि लगेच फुंकून टाकते.

क्षमा मागा म्हणून तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी मागतही नाही. मागायला तोंड नाही. फक्त तुम्ही खोटं बोलला नव्हतात, हे तुम्हाला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. हे घ्या लेखी. तुम्ही साचा तापवला होता. काजळी दोनदा धरली होती. मी पाहिलं होतं.


त्याच दिवशी, दुपारी

वरचं पत्र घेऊन टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. तिथं लक्षात आलं की हे तुम्हाला आधी कळलं आणि त्यांना नंतर, तर मी पुन्हा एकदा तुम्हा दोघांच्या मधे उभी राहीन. आधी त्यांना सांगते. मग हे टाकते. ते नाही जमलं तर हे दोन्ही कागद फाडीन, आणि तुमच्या लेखी वहिनी तोफा ओतता ओतता वेडी झाली.


३ मार्च

भाऊजी,

तुम्हाला दोन्ही पत्रं एकदम मिळतील. जमलं.

चहाच्या वेळी सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, उजेडासाठी. मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी साचा मी धुतला होता."

"हं."

"हं काय? ऐकलंत का मी काय म्हटलं?"

"ऐकलं. माहीत आहे मला."

माझ्या हातातला कप बशीत आपटला. "कधीपासून?"

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. साचा उघडून पाहिला. आत आरशासारखा. काजळीचा मागमूस नाही. आणि साबणाचा वास. आता तो तर जेवायच्या आधी हातसुद्धा धुवायचा नाही, तो साचा कशाला धुतोय?"

"आणि अकरा वर्षं तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"तूसुद्धा."

मी बशीत सांडलेला चहा पुसला. मग तेच बोलायला लागले, तुकड्या तुकड्यांनी. म्हणाले, "मला वाटलं येईल. भाऊ आहे, जातोय कुठे. आठ दिवस फुगून बसेल आणि येईल. मग तुझ्यादेखत हसत हसत सांगू. आठ दिवसांत आला नाही. महिन्यानं लिहायला बसलो, तर तुझं नाव घेतल्याशिवाय लिहिता येईना. आणि तुझं नाव लिहिलं असतं तर तो आला असता, पण तू मान वर करून त्याला कधी चहा दिला नसतास."

"मग तो राहिला तसाच बाहेर."

"राहिला," ते म्हणाले. "मी त्याला खोटारडा म्हटलं ते चुकून. नंतर गप्प राहिलो ते समजून उमजून. तुझ्यापेक्षा माझं मोठं आहे."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझी चूक, माझी लपवाछपवी, आणि राग मलाच आलेला, असा उलटा कारभार. पण विचार करा, भाऊजी, एका घरात, एका टेबलाशी, दोन माणसं तेच एक गुपित एकमेकांपासून लपवत अकरा वर्षं जेवली. आणि तुम्ही तिकडे कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत एकटे जेवलात, लग्न केलंत, मुलगी झाली, आणि तिला सांगायला तुम्हाला काका-काकू नव्हते. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. हे आठवलं की मला भांडी फोडावीशी वाटतात.

तिसऱ्या दिवशी ते दुकानात गेलेच नाहीत. गॅलरीत आले, फरशीवरचा चंदेरी डाग पायानं चाचपला आणि म्हणाले, "एका कानाची तोफ दाखव बघू." म्हणजे तेही माहीत होतं. शिंपीणबाईंनी सांगितलं असणार. त्यांनी ती बोटांनी फिरवून पाहिली आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला. म्हणाले, "ही तुझ्यासारखी आहे. अर्धंच ऐकते."

मग मेणबत्ती मी पेटवली. काजळी दोनदा धरली. तुमच्या तीन ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या होत्या. त्यांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या, मग कागद हातात घेतला आणि डोळ्याशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. काय दिसलं असेल देव जाणे. कागद अजून त्यांच्या खिशात आहे, मी धुवायला टाकताना काढून परत ठेवते.

कथील तापलं का ते त्यांना बघून कळत नाही आता. त्यात लाकडाची काडी बुडवतात आणि वास घेतात. काडी करपायला लागली की म्हणतात, झालं. मी साचा धरला, त्यांचा हात साच्याच्या तोंडापाशी नेला आणि त्यांनी ओतलं. काही उसळलं नाही. साचा उघडला तर दोन्ही कान, चांगले गुबगुबीत. दहावी. दुसऱ्या दिवशी अकरावी. दोन्ही आता गाड्यांवर आहेत, आणि नीट बसतात.

मी म्हटलं, चला, आता बारावी. उरकून टाकू.

ते म्हणाले, "नको."

स्वतः मेणबत्तीपाशी बसले. चाचपत चाचपत दोन्ही फाकांना काजळी धरली, एकदा, मग गार होऊ देऊन पुन्हा. साचा बंद केला, शिकंजा आवळला आणि फळीवर बाराव्या गाड्याशेजारी ठेवला. तुम्ही गाणं म्हणत हे करायचात, ते शिव्या घालत करतात, एवढाच फरक. बोटं काळी झाली होती, तीच कपाळाला लावली. मी पुसायला गेले तर म्हणाले, "तू आता काहीच पुसू नकोस."

दहा दिवस झाले साच्याला. नियम तुमचाच आहे, बंद केलेला साचा उघडायचा नाही. ओतायला ते आहेत. धरायला मी चालत नाही म्हणतात, माझा हात जास्त आवळतो. जावेला आणि मुलीला घेऊन या. शेगडी मी पुन्हा ओट्यावर आणली आहे आणि कपाटामागचं उंच स्टूल बाहेर काढलं आहे, त्यावर उभं राहिलं की सात वर्षांच्या मुलीला ओट्यावरचं सगळं दिसतं. या, दिवसाउजेडी या, दुपारच्या आत. त्या वेळी बैठकीत ऊन असतं आणि त्यांना चेहरे कळतात.

शनिवारी मी फळीवरची धूळ पुसली, तेव्हा तेवढी जागा सोडून पुसली. तरी त्यांचा माझ्यावर भरवसा नाही. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी ते फळीपाशी थांबतात, साचा नाकाशी नेतात आणि वास घेतात. आज सकाळीही घेतला.

"साबण नाही," म्हणाले. "लिही त्याला."

लिहिलं.

वहिनी